सहा आठवडे मिरजेत राहायचंय, खोली कुठं घ्यावी?



मागच्या महिन्यात आमच्या कुंडलच्याच एका भाभींचा फोन आला. त्यांच्या मिस्टरांना डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं आहे, आपल्याकडे लोक ज्याला 'शेक' म्हणतात ते. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, आणि तेही मिरजेत. ऐन पावसाळ्यात. भाभींनी आजाराबद्दल फार विचारलं नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. "आपा, राहायचं कुठं? घरातली सहा माणसं सहा गावं सांगायला लागलीत."

सासरे म्हणतात, सांगलीला खणभागात चुलत भावाचं घर आहे, तिथंच उतरा, परक्यासारखं खोली घेऊन राहिलात तर तो काय म्हणेल? धाकटा दीर म्हणतो, किर्लोस्करवाडीतून रोज रेल्वेनं जा-ये करा, खोलीचा खर्चच नको. मुलाचा मित्र विश्रामबागेत शिकायला आहे, तो म्हणतो आमच्या शेजारची खोली रिकामी आहे. नणंदेचं म्हणणं, दर्ग्याजवळ राहा, दुआही होईल आणि आपली माणसंही असतील. आणि एकानं श्यामरावनगरात अगदी स्वस्त खोली पाहून ठेवली आहे.

मी त्यांना फोनवर जे सांगितलं, तेच या महिन्यात इथं लिहिते. कारण आपल्या बाजूच्या प्रत्येक घरावर ही वेळ कधी ना कधी येते. पलूस, कडेगाव, विटा, तासगाव, जत, आणि तिकडे कर्नाटकातली अथणी, जमखंडीची माणसंसुद्धा मोठं दुखणं आलं की मिरजेकडे धावतात. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि मग गल्लोगल्ली दवाखाने झाले. मिरजेत डॉक्टर मिळतो. अडतं ते पेशंटबरोबरच्या माणसांच्या डोक्यावरच्या छपरापाशी.

मी स्वतः केलेली चूक

सल्ला द्यायचा अधिकार मला कशानं आला, ते आधी सांगते. २०१९ च्या जुलैच्या अखेरीस माझी अम्मी मोरीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेत ऑपरेशन झालं. पेशंटजवळ एकच माणूस राहू देत होते, तिथं माझी धाकटी बहीण राहिली. मी आणि अब्बा खोली शोधायला लागलो. डबा करायचा, कपडे धुवायचे, बहिणीला रात्रीआड झोप द्यायची, एवढ्यासाठी महिनाभर खोली हवी होती.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका चांगल्या वसाहतीत एक खोली मिळाली. म्हणजे मिळाली असं वाटलं. फोनवर भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, घरमालकीणबाई अगदी गोड बोलल्या. आम्ही पिशव्या घेऊन गेलो. खोली पाहिली, नळाला पाणी होतं, खिडकीतून वारा येत होता. मग त्यांनी वहीत लिहायला नाव विचारलं. अब्बांनी सांगितलं. वही मिटली. "अहो, आत्ताच आमच्या मिस्टरांचा फोन आला होता, त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी शब्द दिलाय म्हणे." आमच्यासमोर तर कुठलाच फोन आला नव्हता.

अब्बा एक शब्द बोलले नाहीत. पिशव्या उचलून जिना उतरले. सत्तरी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर गावात मानानं राहिलेला. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "चल, अपने लोगां में रैंगे." झालं, तिथून पुढं आम्ही डोक्यानं विचार केला नाही. सांगलीत जुन्या गावात, नदीच्या बाजूला, एका सखल गल्लीत आमचे दूरचे नातेवाईक राहत होते. त्यांच्या शेजारची खालची खोली रिकामी होती. भाडं निम्मं. मशीद हाकेवर. अब्बांना हायसं वाटलं. हॉस्पिटल १० किलोमीटर लांब आहे, याचा विचार करायला त्या संध्याकाळी कुणाला सवड नव्हती.

पहिले काही दिवस बरे गेले. मी सकाळी डबा घेऊन सिटी बसनं मिरजेला जायची, संध्याकाळी परत यायची. पाऊस थांबत नव्हता. ५ ऑगस्टनंतर कृष्णेचं पाणी झपाट्यानं चढायला लागलं. गल्लीतले जुने लोक निर्धास्त होते. घरमालकांनी भिंतीवरची एक रेघ दाखवली, "२००५ ला पाणी इथपर्यंत आलं होतं. त्याच्या वर कधी येत नाही." त्या रेघेवर विश्वास ठेवून आम्ही सामान पलंगावर चढवलं आणि झोपलो. पहाटे पाणी पलंगाला लागलं. घाईघाईनं वरच्या माडीवर गेलो. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट असते, म्हणजे त्याहून बारा फूट जास्त. रेघ कुठल्या कुठं बुडाली.

दुसऱ्याच्या माडीवर, तीन कुटुंबं, एक स्टोव्ह, आणि वीज नाही. मोबाईल बंद पडले. त्या दिवसांत मला भीती पाण्याची नव्हती एवढी बहिणीची होती. तिच्याकडे किती पैसे आहेत, डबा कोण देत असेल, अम्मीचे टाके कधी काढणार, काहीच कळत नव्हतं. मिरज कोरडी होती. रस्त्याला लागलो असतो तर अर्ध्या तासात पोहोचलो असतो, पण आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत पुरुषभर पाणी. शेवटी बोट आली आणि आम्ही बाहेर पडलो.

हॉस्पिटलात गेलो तेव्हा बहीण रडली नाही, चिडली. म्हणाली, "तुम्ही लोक मिरज सोडून तिकडं गेलातच कशाला?" शेजारच्या खाटेवर शिरोळ बाजूची एक म्हातारी होती, तिच्या सुनेनं चार दिवस आपल्या डब्यातली भाकरी माझ्या बहिणीला दिली होती. तिचं स्वतःचं गावही पाण्यात होतं.

त्या वर्षी बकरीद १२ ऑगस्टला आली. ईदची नमाज अब्बांनी मिरजेत पढली. तोपर्यंत आम्हाला दर्ग्याच्या मागच्या बाजूला एका सतारमेकरांच्या माडीवर खोली मिळाली होती. खाली भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, आणि फजरनंतर तंबोऱ्याच्या तारा लावत बसलेले चाचा. हॉस्पिटल चालत बारा मिनिटं. अम्मी पुढे काठी घेऊन चालत घरी आली, अल्लाहचे शुक्र आहे. पण ते चार दिवस माझ्या बहिणीनं मला अजून पूर्ण माफ केलेले नाहीत.

नदी, पूल आणि सहा वस्त्या

आता भाभींच्या घरच्यांनी सांगितलेली एकेक जागा बघू.

सांगलीचं जुनं गाव. गावभाग, खणभाग, मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ. बाजार इथं, एसटी स्टँड जवळ, मशिदी जवळ, आपली वस्ती जुनी. थंडीत किंवा उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांचं काम असेल, आणि काम सांगलीतच असेल, तर इथं राहायला काही हरकत नाही. पण नदीकाठानं वसलेल्या या गावात २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन मोठ्या पुरांत पाणी शिरलं. जून ते सप्टेंबर इथं खोली घ्यायची तर निदान पहिल्या मजल्यावर, आणि रस्त्याला लागेपर्यंतची वाटही उंचावरची हवी. घर कोरडं आणि वाट बुडालेली असेल, तर पेशंटला त्याचा उपयोग नाही.

सांगलीवाडी. नदीच्या पलीकडे, पुलाच्या त्या टोकाला. पाणी चढलं की या वाडीची वाट सगळ्यात आधी अडते. दवाखान्याच्या कामाला पावसाळ्यात इथं उतरू नका.

श्यामरावनगर. खोल्या स्वस्त, आपली बरीच कुटुंबंही तिथं राहतात. पण भाग सखल. नदीला पूर नसला तरी नुसत्या पावसाचं पाणीसुद्धा तिथं साचून राहतं. चिखलातून अशक्त माणसाला रोज रिक्षापर्यंत न्यायचं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. भाडं कमी का आहे, हे पावसाळ्यात एकदा जाऊन पाहिलं की समजतं.

विश्रामबाग आणि शंभर फुटी रस्त्याची वरची बाजू. विलिंग्डन आणि वालचंद ही दोन्ही कॉलेजं याच बाजूला, म्हणून विद्यार्थ्यांच्या खोल्या भरपूर. विश्रामबाग जागेनं उंच आहे. तिथं रेल्वे स्टेशनही आहे, मिरजेला सिटी बस आणि रिक्षा सतत मिळतात. अडचण दोन गोष्टींची. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत स्वयंपाकाला बऱ्याचदा मनाई असते, आणि जिने उंच असतात. मुलाच्या मित्राला भाभींनी एवढंच विचारावं, तिथं गॅस पेटवू देतात का, आणि पायऱ्या किती.

मिरज. मिरजेचं मुख्य शहर नदीपासून लांब आहे. कृष्णा घाटाकडची वस्ती पाण्यात जाते, पण २०१९ ला मधलं शहर कोरडं राहिलं. स्टेशन रोड, मार्केट, मिशन हॉस्पिटलचा परिसर, ब्राह्मणपुरी, दर्ग्याचा भाग, यातलं काहीही घेतलं तरी बहुतेक दवाखाने चालत किंवा थोड्याशा रिक्षेच्या अंतरावर येतात. औषधाची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. मोसंबी, नारळपाणी, पेज, पेशंटचं जे काही लागतं ते दवाखान्याच्या दारात मिळतं.

दर्ग्याच्या भागाबद्दल मात्र एक सूचना. ख्वाजा शमना मीरासाहेबांचा उरूस रजब महिन्याच्या अखेरीस भरतो. पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, आणि उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या आठवणीत रात्र-रात्र गाण्याची सभा चालते. खाँसाहेबांची कबर दर्ग्याच्या आवारातच आहे. ऐकायला येणाऱ्यासाठी ती रात्र भाग्याची. पण शेक घेऊन आलेल्या माणसाला झोप लागते, त्याच्यासाठी ती गल्ली त्या आठवड्यात बरी नाही. शिवाय खोल्या आधीच भरलेल्या असतात. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीचंही तसंच, ती रात्रभर चालते, मुख्य रस्ते बंद होतात. तुमच्या सहा आठवड्यांत यातलं काही येतं का, ते कॅलेंडरवर आधी बघा आणि त्या दिवसाचा हॉस्पिटलला जायचा रस्ता ठरवून ठेवा.

कुंडलहून रोज जा-ये. पूर्वी किर्लोस्करवाडी स्टेशनचं नावच कुंडल रोड होतं. त्यामुळे आम्हा कुंडलकरांना रेल्वे म्हणजे आपल्या अंगणातली वाटते. पण घर ते स्टेशन वडाप, मग रेल्वे, मग रिक्षा, मग नंबर लागेपर्यंत बाकावर बसायचं, आणि हेच सगळं उलटं. पहिला आठवडा-दोन आठवडे माणूस हे ओढतो. रेडिएशनचा थकवा मात्र पुढे-पुढे वाढत जातो, ज्या आठवड्यात अंगात त्राण नसतं नेमका तेव्हाच प्रवास नकोसा होतो. मधेच एक दिवस चुकला तरी उपचाराची घडी मोडते. आणि पूर आला तर येरळेचं पाणीही कृष्णेत उतरेनासं होतं, पलूस-सांगली रस्ता अडतो. जा-ये करायचीच असेल तर पेशंटची नको, घरच्या बाकीच्यांची असू द्या. पेशंटची खोली हॉस्पिटलजवळच हवी.

"आपल्या लोकांत" राहणं

हा विषय टाळून चालणार नाही. काही शिकलेली मुलं म्हणतात, मोहल्ला बघून राहणं म्हणजे मागासपणा. मला तसं वाटत नाही. २००९ च्या सप्टेंबरमध्ये गणेशोत्सवात मिरजेत दंगल झाली, तेव्हा जे तिथं अडकले होते त्यांना विचारा. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या घरात मिरजेचं नाव निघालं की अब्बांचा पहिला प्रश्न असायचा, "मोहल्ला कोणता?" आणि एरवीसुद्धा, आजारपणात आपल्या माणसांत राहण्याचे फायदे खरे आहेत. हलाल मटणाचा सूप शेजारणीकडून येतो, अजान कानावर पडते, रात्री कुणाला हाक मारायला संकोच वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवा. पहिला प्रश्न असा असू द्या: रात्री दोन वाजता पेशंटला घेऊन निघालो, तर कुठून कुठं जावं लागेल, आणि मधे काय आडवं येईल? पाणी, पूल, फाटक, जिना, अंधार. या प्रश्नाचं उत्तर चांगलं देणाऱ्या दोन-तीन जागा निघाल्या, की मग त्यातून आपली माणसं जिथं आहेत ती खुशाल निवडा. आम्ही २०१९ ला हा क्रम उलटा केला. दुखावलेल्या मनानं केला.

आणि ज्यांनी आमच्यासमोर वही मिटली, त्यांच्याबद्दल? मला अजूनही वाईट वाटतं. पण त्यातून मी एक सवय लावून घेतली आहे, ती सांगते. खोलीसाठी पहिला फोन करताना पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगायचं. "मी अमुक अमुक बोलतोय, कुंडलचा, मुस्लिम कुटुंब आहे, पेशंटसाठी सहा आठवडे खोली हवी आहे." नकार द्यायचा असेल तर समोरचा फोनवरच देईल. आजारी माणसाला रिक्षात बसवून, पिशव्या घेऊन, दारात जाऊन नकार ऐकायची पाळी येऊ नये. फोनवरचा नकार मिनिटात विसरता येतो. आणि बहुतेक ठिकाणी नकार येतही नाही, हेही मी अनुभवानं सांगते. मिरजेचं निम्मं पोट बाहेरगावच्या पेशंटवर चालतं, तिथं सगळ्या जातीधर्माची माणसं एका जिन्यावरून चढ-उतार करतात.

तसंच आपल्याकडूनही सचोटी हवी. मालकानं आधीच सांगितलं की खोलीत मांसाहार शिजवायचा नाही, तर एक तर ती अट मनापासून मान्य करा, नाही तर ती खोली घेऊ नका. सहा आठवडे डाळ-भात, अंडी-सूप बाहेरून, यानं कुणाचं काही बिघडत नाही. मान्य करून रात्री दार लावून गुपचूप शिजवायचं, हे करू नका. दिलेला शब्द ही अमानत आहे. आणि तुमच्यानंतर त्याच दारात आपल्यातलंच आणखी एक कुटुंब खोली मागायला येणार आहे, त्यांना काय उत्तर मिळेल, हे तुमच्या वागण्यावर ठरतं.

चुलत सासऱ्यांचं घर

भाभींच्या सासऱ्यांचं मन मोडायचं नाही, पण खरं बोललं पाहिजे. मेहमानीची मुदत तीन दिवसांची आहे, हे आपल्याला नबी (स.) यांच्या शिकवणुकीतून माहीत आहे. त्यापुढे यजमान जे करतो तो सदका. आणि यजमान अडचणीत येईल इतकं पाहुण्यानं राहू नये, हीसुद्धा शिकवण आहे. आपण पहिला भाग नेमका लक्षात ठेवतो आणि दुसरा विसरतो.

सहा आठवड्यांत काय होतं? पहिल्या आठवड्यात खाला बिर्याणी करतात. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या सुनेच्या कपाळावर आठी दिसते. तिचा दोष नाही, तिच्या मुलाची परीक्षा असते, संडास एकच असतो. आणि पेशंटला उलटी आली तर तो परक्या घरात संकोचून जातो. माझा सल्ला असा: पहिले दोन-तीन दिवस नातेवाइकांकडे उतरा, त्यांना सोबत घेऊन मिरजेत खोली शोधा, आणि मग आठवड्यातून एकदा त्यांच्याकडचा डबा आनंदानं घ्या. नातंही राहील, त्यांनाही इयादतीचा सवाब मिळेल.

खोली ठरवण्याआधी

काही छोट्या गोष्टी, भाभींना मी ज्या वहीत लिहून घ्यायला सांगितल्या.

खोली शोधायच्या आधी हॉस्पिटलातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी कुठं सोय आहे, कुठल्या संस्थेची धर्मशाळा आहे, हे त्यांना माहीत असतं. धर्मशाळा म्हटलं की आपली माणसं बिचकतात, तिथं आपल्याला घेतील का म्हणून. विचारल्याशिवाय कसं कळणार? मुंबईत टाटाच्या पेशंटना दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा किती वर्षं आधार देते आहे.

खोली दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा बघा. हॉस्पिटलपर्यंत स्वतः चालत जा आणि घड्याळ लावा. पेशंटला किती लागेल म्हणून ती वेळ दुप्पट धरा.

पाणी कोणत्या वर्षी कुठवर आलं होतं, हे मालकाला विचारू नका, समोरच्या दुकानदाराला विचारा. आणि तो जी रेघ दाखवेल, तिच्यावरही पाणी येऊ शकतं असं धरून चाला.

संडास खोलीला लागून आहे का? कमोड आहे का? वुजूसाठी आणि अंघोळीसाठी बसायला जागा आहे का? बाईमाणसाला कपडे वाळत घालायला आडोसा आहे का?

आधारची झेरॉक्स द्या आणि डिपॉझिटची पावती घ्या. पेशंटची तब्येत सुधारून लवकर जायची वेळ आली तर भाडं कसं, हे आधी बोलून घ्या.

पावसाळ्यात रोज आयर्विनची पातळी आणि कोयनेतून किती पाणी सोडलं याची बातमी बघा. कोयना कराडला कृष्णेला मिळते, तिथून पाणी आपल्या आमणापूर, भिलवडीवरून खाली सांगलीला जातं. म्हणजे बातमी आधी येते आणि पाणी नंतर. मधला तो वेळ आपल्याला सावध व्हायला मिळालेला असतो. पातळी ४० फुटांकडे जायला लागली, की जो कुणी सांगलीत असेल त्यानं पेशंटच्या बाजूला, म्हणजे मिरजेला येऊन थांबावं. २०१९ ला आम्ही तेवढं केलं असतं, तर माझी बहीण एकटी पडली नसती.

नमाजेबद्दल बऱ्याच जणी विचारतात. आपल्या हनफी मसलकाप्रमाणे कुंडल ते मिरज एवढ्या अंतरानं माणूस शरई मुसाफिर होत नाही, तेव्हा नमाज पूर्ण पढायची. पेशंटला मात्र बसून, पडून, जमेल तशी सवलत आहेच. शंका असेल तर आपल्या मशिदीतल्या मौलानांना विचारून घ्या.

अरबीत एक जुनी म्हण सांगतात, घर घेण्याआधी शेजारी बघा. सहा आठवड्यांच्या खोलीलासुद्धा ती लागू आहे. खोली बघून झाली की शेजारच्या दारावर टकटक करा, सलाम किंवा नमस्कार करा, आपल्या पेशंटबद्दल दोन शब्द सांगा. रात्री दोन वाजता पहिली हाक त्याच दाराला जाणार असते.

भाभींनी काय ठरवलं, ते सांगून थांबते. मिरजेत, मार्केटच्या मागे, तळमजल्यावर एक खोली घेतली आहे. मालक लिंगायत आहेत, म्हातारं जोडपं. शाकाहाराची अट आहे, भाभींनी ती मान्य केली. मशीद सात मिनिटांवर, हॉस्पिटल नऊ. सासरे आधी रुसले होते, आता दर शुक्रवारी खणभागातून चुलत भावाच्या घरचा डबा घेऊन तेच जातात. हे लिहितेय तेव्हा तिसरा आठवडा चालू आहे. भाईंच्या तोंडाची चव गेली आहे, पण झोप लागते, असं भाभी म्हणाल्या.

मिरजेत राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात एखादी खोली वर्षातले काही महिने रिकामी असेल, तर पेशंटच्या माणसांना द्या. भाडं घ्या, त्यात काही गैर नाही, फक्त वाजवी घ्या. आणि नाव विचारून वही मिटू नका, समोरचा कुणीही असो.

अल्लाह तआला सगळ्या आजारी माणसांना शिफा देवो आणि त्यांच्या उशाशी बसलेल्यांना ताकद देवो. आमीन.